काकूंची सोवळी मांजर

अण्णा,

काकू गेल्या. आज पंधरावा दिवस. ही बातमी तुम्हाला कळवायचं माझ्याखेरीज कोणाच्या मनात येणार नाही, म्हणून लिहायला बसलो. वर गेलेल्यांना खालचं सगळं आपोआप कळतं असं लोक म्हणतात, पण त्याला पुरावा काय ते कोणी सांगत नाही, आणि तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाली तरी तुमच्याकडून मला कसलीच खूण आलेली नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. वाण्यानं पुडी बांधली की मी त्याच्यासमोर सोडून बघतो. वैद्यानं काढा दिला तर आधी त्यालाच एक घोट घ्यायला लावतो. अलिबागच्या कचेरीत इतकी वर्षं लोकांच्या जबान्या उतरवून घेतल्या, त्यानं माझं असं झालंय की बायकोनं आमटी झाली म्हटलं तरी झाकण काढून पाहतो. तुम्ही म्हणायचात, याचं नोकरीनं काही बिघडवलेलं नाही, हा पाळण्यातसुद्धा एक डोळा उघडा ठेवून झोपायचा. असेल. मग हेही लिहून ठेवतो की आयुष्यात ज्या माणसावर मी सगळ्यांत जास्त संशय घेतला ते तुम्ही, आणि तो अजून पुरता फिटलेला नाही.

सुरुवात खवल्यापासून झाली. मी तेव्हा नुकताच कचेरीत लागलो होतो. शनिवारी संध्याकाळी टांग्यानं घरी यायचं आणि सोमवारी उजाडायच्या आत परत निघायचं. मधले दिवस घरात तुम्ही आणि तुमची सून. आई जाऊन चार वर्षं झालेली, तुम्ही शाळेतून निवृत्त झालेले. त्या शनिवारी बायको मला पाय धुवायला पाणी देते, इकडेतिकडे पाहते आणि पदराची गाठ सोडते. आत करंगळीच्या नखाएवढी एक पातळ, रुपेरी चकती.

"हे काय?"

"मला काय विचारता? मामंजींच्या पंच्याला चिकटलेलं होतं. धुताना सापडलं."

"अभ्रक असेल."

"वास घ्या."

मी वास घेतला. आपल्या घरात सात पिढ्यांत जे शिरलं नाही ते माझ्या तळहातावर होतं. बायको सतरा वर्षांची, लग्नाला वर्ष झालं नव्हतं, पण माझ्यापेक्षा शहाणी. म्हणाली, "कुठे बोलू नका हो. उतारवयात माणसाला काहीबाही खावंसं वाटतं." तिनं तुम्हाला माफसुद्धा करून टाकलं होतं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मग एकेक आठवायला लागलं. तुम्ही हल्ली उजाडता उजाडता बाहेर पडता. घरी रहाटाची विहीर असताना दुसरीकडून ओल्या पंच्यानं परत येता. गेल्या रविवारी मी जवळ येऊन बसलो तेव्हा हात उपरण्याखाली घेतलेत. शिवाय जेवताना भाताला पूर्वीसारखं लोणचं मागत नाही. पोट भरलेल्या माणसाचं ते लक्षण. एवढा सरळ पुरावा पुढ्यात असताना मी काय समजणार होतो?

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या मागोमाग निघालो. लपतछपत, पोफळींच्या आडून, वहाणा हातात घेऊन. सख्ख्या बापावर पाळत ठेवायची लाज वाटली का? तेव्हा नाही वाटली. तुम्ही रामेश्वराच्या तळ्यावरून रेवदंड्याच्या वाटेला लागलात. वाटेत भेंडीच्या डेरेदार झाडाखाली एक कोळीण पाटी उतरवून उभी. तुम्हाला पाहून तिनं पदर सारखा केला आणि मला वाटलं, घ्या, म्हणजे नुसतं खाण्यापुरतं नाही!

"मास्तर, आज मांदेली हायेत," ती म्हणाली. "काटं लय बारीक. नीट काढून द्या."

"बोंबील नव्हते?"

"व्हते, पन ते इकलं. आन् आमच्या पोराचं पत्र आलंय. आगबोटीवरनं. वाचून दावा की."

"उद्या आण. उत्तरही लिहून टाकू."

भेंडीच्या पानात बांधलेली पुडी तुम्ही उपरण्याखाली घेतलीत आणि आडवाटेनं काकूंच्या वाडीत शिरलात. मी चक्रावलोच. साऱ्या गावाच्या त्या काकू, आणि चौलात त्यांच्याइतकं कडक सोवळं कोणाचं नव्हतं. तांबडं अलवण, केस काढलेले, रस्त्यानं कोणाची सावली पडली तरी परत आंघोळ. आणि तिथे तुम्ही मासळी घेऊन! तुम्ही त्यांच्या मागच्या रिकाम्या गोठ्याशी गेलात, दगडावर बसलात, आणि कुठूनशी एक करड्या पट्ट्यांची, एक कान फाटलेली म्हातारी मांजर येऊन तुमच्या पायांना घासायला लागली. मग मी जे पाहिलं ते कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. बत्तीस वर्षं पोरांना शुद्धलेखन घालणारे हेडमास्तर चष्मा नाकावर ओढून मांदेलीचा काटा काढतायत, बोटांनी कुस्करतायत, आणि चिमटी चिमटीनं मांजरीच्या तोंडात देतायत. तिला दात नव्हते. एक घास तिनं खाली पाडला तर तो तुम्ही पुन्हा उचलून, माती झटकून दिलात. सगळं संपल्यावर पान पुरलंत, रहाटाशी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलंत आणि ओल्या पंच्यानं पुढच्या ओटीवर गेलात. मी भिंतीआडून ऐकत होतो.

"मास्तर, जेवली का हो ती?" काकूंनी विचारलं. त्यांना तोवर दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नव्हतं.

"जेवली."

"दूधभातच ना?"

"दूधभातच."

"गावची मांजरं बघा, कोळीवाड्यात तोंड घालत हिंडतात. आमची आहे का तसली? एकादशीला तर दुधाशिवाय कशाला शिवत नाही."

"हो, फार सोवळी," तुम्ही म्हणालात. अण्णा, तुमचा आवाज जरासुद्धा हलला नाही. तो मी नीट ऐकून ठेवला. इतक्या सफाईनं खोटं बोलणारा माणूस माझ्याशी आजवर काय काय बोलला असेल, असं माझ्या मनात आलं.

परतीच्या वाटेवर मी तुम्हाला गाठलं. तुम्ही दचकलात, मग माझ्या हातातल्या वहाणांकडे पाहिलंत आणि सगळं ओळखलंत. चालता चालता तुम्ही सांगितलंत ते थोडक्यात असं. मानमोडीच्या तापात काकूंचा मुलगा आणि सून एका आठवड्यात गेले. मांजरीचं पिल्लू सुनेनं पदरात घालून आणलेलं. घरात तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच राहिलं. काकू तिला मांडीवर घेऊन जप करायच्या, तिच्याशी बोलायच्या, तिच्या अंगावर हात ठेवून झोपायच्या. मग एक दिवस मांजरीनं कोळीवाड्यातून बोंबलाचं डोकं आणून स्वयंपाकघरात टाकलं. काकूंना दिसलं नाही, शेजारणीला दिसलं. तिनं ठाण्याला काकूंच्या पुतण्याला कळवलं आणि पुतण्याचं पत्र आलं की काकूंना आता सोवळंओवळं झेपत नाही, मांजर घालवा नाहीतर मी त्यांना ठाण्याला घेऊन जातो. ठाण्याच्या बिऱ्हाडात मांजरीला जागा नव्हतीच. ते पत्र काकूंना वाचून दाखवायला तुम्हीच गेला होता. तुम्ही त्यांना सांगितलंत की डोकं कावळ्यानं टाकलं असेल, आणि दुसऱ्या दिवसापासून मांजरीचं पोट गोठ्यातच भरायला लागलात, म्हणजे ती बाहेर जायला नको आणि काही घरात आणायला नको. कोळणीला तुम्ही तिच्या पोराची पत्रं लिहून देत होतात, त्यामुळे पुडी ती आपण होऊन आणायची.

"पण यात तुम्हाला काय मिळतं?" मी विचारलं.

"मला? हाताला वास मिळतो. दोन वेळा राख लावली तरी जात नाही."

"मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही. ती एकटी आहे आणि मांजरीला भूक लागते. यात तुला समजलं नाही ते काय?"

मला काहीच समजलं नव्हतं असं नाही, मला ते पटलं नव्हतं. कचेरीत कोणी असं उत्तर दिलं असतं तर मी मान वर करून साहेबांकडे पाहिलं असतं. माणूस रोज उठून उगाच मासे कुस्करत नाही. काकूंना मूलबाळ उरलेलं नाही, नारळीपोफळीची वाडी आहे, पुतण्या लांब आहे. मी ते शब्दांत मांडलं नाही, एवढंच विचारलं, "काकूंच्या माघारी त्या वाडीचं काय होईल हो?" तुम्ही थांबलात. रागावला नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणालात, "बत्तीस वर्षं गावची पोरं शिकवली. घरातलं एक राहून गेलं." ते वाक्य मला आजही झोंबतं, आणि आजही वाटतं की तुम्ही माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाहीत ते नाहीच.

पुढचे पाचसहा रविवार मी गप्प राहिलो. पण तुमचा तो सहज आवाज, 'फार सोवळी', डोक्यातून जाईना. दिवाळीच्या सुट्टीत काकूंना फराळ पोचवायला गेलो. त्या ओटीवर बसलेल्या, मांजर मांडीत, माळ हातात. त्यांनी माझी चौकशी केली, सुनेची केली, आणि मग पुन्हा त्यांच्या मांजरीची थोरवी सुरू झाली. मी स्वतःला सांगत होतो की या बाईला सगळे फसवतायत, हिचा धर्म हिच्या नकळत बुडवतायत, कोणीतरी खरं बोललं पाहिजे. खरं सांगायचं तर मला तुमचा रागही होता. तुम्ही त्या मांजरीसाठी काटे काढत होतात. माझ्यासाठी पाटीवर रेघ ओढून देण्यापलीकडे तुम्ही कधी काही केल्याचं मला आठवत नव्हतं. मी म्हणालो, "काकू, तुमची मांजर मासळी खाते. रोज."

त्यांची माळ थांबली. "कोण म्हणतं?"

"मी पाहिलंय."

"तू स्वतः?"

"स्वतः. अण्णा घालतात तिला. गोठ्यात."

काकूंचा हात मांजरीच्या पाठीवर होता तो मात्र त्यांनी उचलला नाही, हे मी नीट पाहिलं. मला वाटलं होतं, झटकून देतील, ओरडतील, विहिरीकडे धावतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "वर्ष झालं असेल." "म्हणजे वर्षभर हाच हात देवाला लागला," असं त्या स्वतःशीच बोलल्या. मग मला म्हणाल्या, "जा तू आता." मी फराळाचं ताट तसंच ठेवून निघालो. घरी येऊन तुम्हाला आपण होऊनच सांगितलं, कारण लपवाछपवी तुमची, माझी नव्हे, असा माझा तोरा. तुम्ही उपरणं उचललंत आणि जेवण टाकून त्यांच्याकडे गेलात. आम्ही दोघं वाट पाहत बसलो. बायको म्हणाली, "आता त्या मांजरीला घालवणार आणि ठाण्याला जाणार. तिथे कोपऱ्यात बसून राहणार. झालं तुमचं समाधान?" माझं झालेलं नव्हतं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

तुम्ही परत आलात तेव्हा डोक्यावर परात होती, वर तांबडं फडकं. परात खाली ठेवून फडकं काढलंत. आत काकूंचे देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, बाण, शंख, त्यांच्या सासूनं दिलेली घंटा. काकूंनी सांगून पाठवलं होतं, आणि तुम्ही ते जसंच्या तसं आम्हाला म्हणून दाखवलंत: "मास्तर, माझा एकच हात आता देवाला आणि तिला, दोघांनाही लावता यायचा नाही. तिला शिवल्यावर दहादा न्हायचं तर मला दहादा रहाट ओढवत नाही. देवाला काय, कोणीही आंघोळ घालील. हिला कोण घेणार आहे?" सबंध आयुष्य ज्या बाईनं सोवळ्यापायी माणसं दूर ठेवली तिनं देव परातीत घालून दिले आणि बिनदाताची मांजर ठेवून घेतली! मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग यांची पूजा कोण करणार?"

"तू," तुम्ही म्हणालात. "तू देवांचीच बाजू घेतलीस ना?"

तेव्हापासून रविवारी मी आणि इतर दिवशी तुमची सून, अशी ती पूजा आमच्या गळ्यात पडली. गाव महिनाभर बोललं. शेजारीण काकूंच्या ओटीची पायरी चढेना. पुतण्या येऊन ओरडून गेला, पण देवघरच उरलं नाही तर सोवळ्याचा बोभाटा कसला करणार? काकू जागच्या हलल्या नाहीत. तुमचंही मग चोरून जाणं संपलं, तुम्ही पुडी हातात घेऊन सरळ पडवीत जायचात आणि काकू विचारायच्या, "आज काय हो तिला?" मला मात्र अधूनमधून वाटायचं की काकूंना त्या पूजेचा मुळातच कंटाळा आला असेल आणि त्यांनी निमित्त साधलं असेल. हे मी एकदा बायकोला बोलून दाखवलं. तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मग तुम्ही गेलात. भाद्रपदात ताप आला, आणि आश्विनाच्या अखेरीस तो उलटला तसं चार दिवसांत आटोपलं. शेवटच्या दिवशी मी उशाशी बसलेला असताना तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "तारली असली तर मधला काटा आधी ओढायचा." माझ्याशी बोललेलं हे तुमचं अखेरचं. लोक विचारतात, अण्णा जाताना काय म्हणाले? मी सांगतो, रामनाम घेत होते.

तिसऱ्या दिवशी कोळीण मागच्या दारी आली. लांबच उभी राहिली, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "मास्तर गेलं. पन ती मांजर हाय ना? हे कोन नेनार आता?" मी नको म्हणणार होतो. बायको म्हणाली, "सुतकात तसंही तुम्ही कोणाला शिवत नाही. मासळीनं आणखी काय बाटणार आहात?" तर सुतकाचे उरलेले दिवस मी रोज गोठ्यातल्या दगडावर बसून काटे काढले. मांजर माझ्या हाताचा वास घेऊन आधी मागे सरायची, मग जवळ यायची. तिचाही माझ्यावर संशय होता आणि तो योग्यच होता.

दहाव्या दिवशी समुद्रावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. भटजी खोळंबले, उन्हं चढली. आप्तांनी एकेक सुचवायला सुरुवात केली. सुनेला सांभाळीन म्हण. त्यांची पुस्तकं शाळेला देईन म्हण. मी सगळं म्हटलं. कावळे समोरच्या झाडावर बसून पाहत होते. शेवटी कोणी न सुचवता मी मोठ्यानं म्हणालो, "मांजराचं मी बघेन." माझी खात्री होती, आता येईल. नाही आला. अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि घरी आलो. सगळे म्हणाले, तुमचा जीव कशात अडकलाय कोण जाणे. मला चांगलं ठाऊक होतं. तुमचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता. आणि अण्णा, तुमचं बरोबर होतं, कारण ते मी नुसतं कावळा यावा म्हणून म्हणालो होतो.

तुमच्या तेराव्याला पुतण्या जेवायला आला होता. पानसुपारी झाल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही सहा दिवस अलिबागला. आता रोज कोण करणार हे? मांजर गेली की काकू आपोआप ठाण्याला येतील." मला ते पटलं. तुमच्या कुठल्याही बोलण्यापेक्षा चटकन पटलं. आपल्याकडे मांजर घालवायची रीत तुम्हाला माहीत आहे. पोत्यात घालायची, तोंड बांधायचं आणि होडीनं खाडीपलीकडे नेऊन सोडायची. जमिनीवरून ती वास काढत परत येते, पाणी ओलांडून येत नाही. मी नावाड्याला सांगून ठेवलं, तो सकाळी रेवदंड्याच्या बंदरावर थांबणार होता. आपल्या माळ्यावरचं भाताचं रिकामं पोतं झटकून काखेत मारलं, सुतळी कोटाच्या खिशात टाकली. बायकोला म्हणालो, काकूंना भेटून तसाच अलिबागला जातो. तिनं पोत्याकडे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

काकू ओटीवर होत्या. पावलांवरून त्यांनी मला ओळखलं. "आलास? बस," म्हणाल्या, आणि मी बसतो न बसतो तोच त्यांनी मांडीतली मांजर दोन्ही हातांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. मी काही मागितलं नव्हतं. "मास्तर रोज तिच्या डोळ्यांतली चिपडं काढायचे. मला दिसत नाहीत, आणि नख लागेल म्हणून भीती वाटते. तू काढ बाबा." काम इतकं सोपं होईल असं मला वाटलं नव्हतं. मांजर माझ्या मांडीत, पोतं माझ्या बाजूला, बाई आंधळी. मी उपरण्याच्या टोकानं तिचे डोळे पुसले. मांजरीनं ते पुसू दिले. एवढ्यात मांजर कुठे आहे ते चाचपायला काकूंचा हात पुढे आला आणि पोत्यावर पडला.

"हे काय रे?"

"पोतं."

"कशाला?"

माझ्या तोंडात आलं ते खोटं नव्हतं. मी म्हणालो, "हिच्यासाठी."

काकूंनी पोतं दोन बोटांत धरून पाहिलं, जाड आहे का पातळ ते बघतात तसं. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला तो पाहवेना. "थंडी यायला लागली म्हणून ना?" त्या म्हणाल्या. "पहाटे कुडकुडते रे ती. बघ, मास्तरांनी एवढं केलं, पण हे त्यांना कधी सुचलं नाही." आणि त्या रडायला लागल्या. तुम्ही गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, असं शेजारणीनं मला नंतर सांगितलं. मी उठलो. पोत्याची चौघडी केली, ओटीच्या कोपऱ्यात वारा लागणार नाही अशी जागा पाहून अंथरलं. मांजर गेली, पंजांनी चारदोन वेळा तुडवलं आणि त्यावर बसली. नावाडी दुपारपर्यंत बंदरावर माझी वाट पाहत होता म्हणे. पुतण्याला मी लिहिलं, मांजर हाती लागत नाही.

पुढचं सगळं तुमच्या सुनेनं निभावलं. ती सोमवार ते शनिवार, मी रविवार. कोळणीच्या पोराची पत्रंही तीच लिहायला लागली. तिचं अक्षर तुमच्याइतकं वळणदार नाही, पण मजकूर बरा असतो असं कोळीण सांगते. मांजर तीन हिवाळे काढून त्या पोत्यावरच गेली. काकूंनी आठ दिवस अन्न गोड मानलं नाही, मग कोळणीला निरोप धाडला: "एखादं पिल्लू असलं तर आण. आणि मासे खाणारंच आण, आता मला कोणाचं खोटं ऐकायचं नाही." त्या ठाण्याला कधीच गेल्या नाहीत. आपल्या घरात, आपल्या ओटीवर, दुसऱ्या मांजरीच्या पाठीवर हात ठेवून गेल्या. ते पिल्लू आता पोक्त झालंय आणि आमच्याकडे राहतं. ते मला आवडतं असं मी म्हणणार नाही.

परवा त्यांचं तेरावं झालं. पुतण्याही आता म्हातारा झालाय. भरल्या पंक्तीत तो उभा राहिला आणि म्हणाला, काकू शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असत, की मास्तरांच्या माघारी त्यांचा मुलगा पहिल्यांदा ओटीवर आला तो मांजरीसाठी अंथरूण घेऊन आला, असा मुलगा सगळ्यांना मिळो. त्याचे डोळे भरून आले होते. त्याला मी काय लिहिलं होतं ते तो विसरला असेल, किंवा त्यानं दोन्ही गोष्टी कधी जोडून पाहिल्याच नसतील. पंक्तीतल्या लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. कोणी तुमचं नाव काढलं, बापाचा गुण घेतला म्हणालं. तुमची सून वाढत होती, ती क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

मी ते पोतं दयेपोटी अंथरलं की त्यांचा हात त्यावर पडला म्हणून, हे मला तेरा वर्षांत ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या कोणाची जबानी असती तर मी एका ओळीत ठरवलं असतं. हे पत्र तुमच्या जुन्या वह्यांत घालून ठेवतो. तुमची सून त्या वह्या उघडते की नाही याची मला खात्री नाही. एवढंच कबूल करायचं होतं, अण्णा. पंक्तीत मी नाही म्हणालो नाही. सुतळीचं सांगितलं नाही. मान खाली घातली, भाताला आळं केलं आणि आमटी वाढून घेतली. कोणी एकदा विचारलं असतं, पोतं खरंच कशासाठी नेलं होतंस, तर सांगून मोकळा झालो असतो. पण त्या सबंध पंक्तीत माझ्यावर संशय घेणारं कोणीच नव्हतं.